चकोराची शेपटी

मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी सांगायची, "टायलर आहे." पण न्यूझीलंडमध्ये काही वर्षं काढली की माणसाच्या कानाला टेलर आणि टायलर सारखेच ऐकू येऊ लागतात. त्यामुळे नवरात्राच्या आधी निदान दोघीतिघींनी मला ब्लाउजपीस आणून दिलेले आहेत. एकीला मी खरं काय ते सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अय्या, म्हणजे फरशा? बाथरूममध्ये? तुम्ही स्वतः?"

"हो," मी म्हटलं, "गुडघ्यांवर बसून."

तिनं ब्लाउजपीस परत पिशवीत घातला आणि माझ्या वाटीत आणखी एक गुलाबजाम वाढला.

हे काम मी ठरवून धरलं नव्हतं. सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हॅमिल्टनला आयटीत नोकरी लागली, मुलगी शाळेत रमली, आणि पुण्यात बँकेत असलेली मी हॅमिल्टनच्याच ते-रापा भागातल्या एका फरशांच्या दुकानात काउंटरवर उभी राहिले. फरशी विकता विकता फरशी बसवायला कधी लागले ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते की काउंटरवर उभं राहून पाठ दुखायची आणि खाली बसून गुडघे. पण खाली बसलेल्या बाईला कुणी "जरा हसा" म्हणत नाही.

शहराच्या कडेला रोटोटुनाला नवी घरं उठत होती तेव्हा कामाला तोटा नव्हता. सगळ्यांना राखाडी फरशी हवी असायची. हलकी राखाडी, गडद राखाडी, आणि ज्यांना काहीतरी वेगळं हवं त्यांना मधली राखाडी. त्या राखाडीत दिवस काढताना मी हौस म्हणून मोझॅक करायला लागले. मोझॅक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जुन्या इमारतीतली ठिपक्यांची लादी येते, किंवा पुण्याच्या गच्चीवरच्या, उन्हात डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या कपच्या. मी करत होते ते त्यांच्याच कुळातलं. दगडाचे, काचेचे, चिनीमातीचे छोटे तुकडे शेजारी शेजारी बसवायचे आणि त्यांतून चित्र उठवायचं. यात शिकण्यासारखी गोष्ट एकच आहे. दोन तुकड्यांमधली फट तुकड्याइतकीच महत्त्वाची. फट नसेल तर चित्र उठत नाही, नुसता डाग दिसतो.

लोकांना कळलं की ही बाई फुटक्याचं काही करते. मग लोक फुटकं घेऊन यायला लागले.

एक शेतकरी बायको गेल्यावर तिचे सगळे चहाचे कप घेऊन आला आणि ते न्हाणीघराच्या भिंतीत बसवून घेतले. महिनाभरानं फोन. "सगळं छान आहे, फक्त एका कपाचा कान डावीकडे हवा होता. ती डावखुरी होती." मी जाऊन कान फिरवून दिला. घटस्फोट झालेल्या एका गृहस्थांनी बायकोच्या माहेरचा डिनर सेट कुत्र्याच्या घरात जमिनीला बसवून मागितला. तेही केलं. कुत्रा मात्र बाहेर झोपायचा. साताऱ्याकडच्या एका जोडप्याची लोणच्याची बरणी सामानाच्या कंटेनरमध्ये फुटली होती, तिच्या तुकड्यांचं मी त्यांना तुळशीवृंदावन करून दिलं, आणि त्या बाई बोट लावून बघत म्हणाल्या, "अजून मीठ लागतंय हो." लागत नसणार. पण मी मान डोलावली.

अशा कामांत मला उस्ताद भेटले.

ते-रापातल्या त्याच दुकानात मी ग्राउट, म्हणजे फटींत भरायचा मसाला, आणायला गेले होते. बाहेर दूध कारखान्याची वाफ आणि धुकं एकमेकांत मिसळलेलं. आत एक म्हातारा गृहस्थ संगमरवराचा नमुना हातात घेऊन उभे होते. इकडेतिकडे पाहून त्यांनी तो जिभेनं चाटला. काउंटरवरच्या पोराचं तोंड उघडंच राहिलं. मी जवळ गेले तर ते जरा ओशाळून म्हणाले, "कोरडा दगड खोटं बोलतो. ओला केला की त्याचा रंग कळतो."

त्यांचं नाव इलियास. जॉर्डनमध्ये मादबा नावाचं गाव आहे. तिथं जुन्या चर्चच्या जमिनींवर दीड हजार वर्षांपूर्वीची दगडी चित्रं आहेत आणि गावातली कितीतरी घरं अजून तेच काम करून पोट भरतात. इलियास अशाच घरातले. बायको गेल्यावर मुलीनं त्यांना हॅमिल्टनला आणलं होतं. त्या दिवशी मी त्यांना घरी चहाला आणलं आणि सहज "उस्ताद" म्हणून गेले. त्यांचा चेहरा उजळला. "हा शब्द तुमच्याकडे पण आहे?" मग आम्ही शब्द शोधायचा खेळच सुरू केला. साबण त्यांच्याकडे साबूनच. किताब तीच. आणि काम संपलं की ते हात झटकून म्हणायचे, "खलास!" सुधीर हसून म्हणाला, "हे तर दादरचे निघाले."

पुढची काही वर्षं आम्ही दोघांनी मिळून काम केलं. मला हातात पकड कशी धरायची इथपासून त्यांनी पुन्हा शिकवलं. अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात पहाटे जाऊन आम्ही जुनी ताटंवाट्या गोळा करायचो. मी भाव करायची आणि ते प्रत्येक ताट नखानं वाजवून आवाज ऐकायचे.

एके दिवशी जोनचा फोन आला. हॅमिल्टनहून पाऊण तासावर, गायींच्या कुरणांमध्ये एक छोटं गाव आहे, तिथून. आवाज म्हातारा, पण खणखणीत.

"तुम्ही फुटक्याचं काम करता ना? आमच्या चर्चमध्ये एक फुटका पक्षी आहे. येऊन बघाल का?"

त्या दिवशीचं धुकं मला अजून आठवतं. वायकाटो नदीवरून उठतं ते धुकं ऐन थंडीत दुपारपर्यंत हलत नाही. रस्ता गाडीच्या पुढ्यात जेमतेम उमटायचा आणि मागं मिटून जायचा. कुंपणाचे खांब येत होते, जात होते. मध्येच एक गाय, नुसतं डोकंच, पाण्यावर तरंगावं तसं. उस्ताद काच खाली करून बसले होते. म्हणाले, "लहानपणी आई सांगायची, मेल्यावर माणूस अशा रस्त्यानं जातो. पण तिनं गायींचं काही सांगितलं नव्हतं."

चर्च विटांचं, लहानसं. दारात जोन उभी होती. नव्वदीकडे झुकलेली, अंगात लोकरीचं जाकीट, पायात चक्क जँडल्स, म्हणजे रबरी चपला.

"किआ ओरा, या या," ती म्हणाली. "आत बाहेरपेक्षा जास्त थंडी आहे. देवाला चालते."

तिनं चालता चालता सगळं सांगितलं. भूकंपात ही इमारत टिकणार नाही असं तपासणीत निघालं होतं. गावात चर्चला येणारी माणसं उरली होती दोन बाकांपुरती. त्यामुळे चर्च बंद व्हायचं होतं. प्रश्न पक्ष्याचा होता. पहिल्या महायुद्धात इथला एक घोडेस्वार आताच्या जॉर्डनकडच्या वाळवंटात लढला आणि परत येताना पडक्या चर्चच्या जमिनीचा एक तुकडा घेऊन आला. घरच्यांनी तो इथं, बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाशेजारी, जमिनीत बसवला. "तेव्हा लोक असं काहीही उचलून आणायचे," जोन म्हणाली. "माझ्या काकांनी एक उंटाची घंटा आणली होती. ती गायीला बांधली."

आम्ही पाहिलं. वर्षानुवर्षांच्या मेणानं आणि पॉलिशनं सगळं तपकिरी झालेलं. पक्षी आहे एवढं कळत होतं, बस्स.

उस्ताद खाली बसले आणि पाणी मागितलं. जोननं फुलांसाठी ठेवलेला जग आणला. त्यांनी आधी साबणानं, मग स्पंजानं, अगदी बाळाचं तोंड पुसावं तसं हळूहळू मेण काढलं. मग स्वच्छ पाणी फिरवलं.

आणि तो पक्षी वर आला. खरंच दुसरा शब्द नाही माझ्याकडे. तळ्याच्या तळाशी काही तरी असावं आणि ते हळूहळू पाण्यावर यावं, तसा. आधी चोच, डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. मग डोळ्यातून निघून गळ्याभोवती फिरलेली काळी रेघ, पांढऱ्या गळ्यावर माळ घातल्यासारखी. राखाडी अंग, पण ती राखाडी रोटोटुनाची नव्हे. तिच्यात निळा होता, गुलाबी होता, पावसाळी संध्याकाळ होती. पाय गुलाबी दगडाचे, एक उचललेला. जणू तो चालता चालता थांबला होता आणि आमच्याकडे बघून पाऊल टाकावं की नाही याचा विचार करत होता.

"हजल," उस्ताद पुटपुटले. "आमच्या डोंगरात असतात."

मी ओळखला होता. "उस्ताद, हा चकोर आहे. आमच्याकडे म्हणतात की हा चांदणं पिऊन जगतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आम्ही तर त्याला भातात घालून खातो," ते म्हणाले. पण नंतर बराच वेळ ते पक्ष्याकडे बघत होते आणि खिडकीतून येणारा धुक्याचा उजेड त्याच्या पाठीवर पडला होता, आणि मला वाटतं त्या घडीला त्यांनाही चांदण्याचं पटलं असावं.

मग त्यांनी स्पंज मागं नेला आणि थबकले.

"ही शेपूट चुकीची आहे."

दगड ओला केला की गडद होतो. शेपटीचे तुकडे गडद झाले नाहीत; नुसते चकाकले. ते दगड नव्हतेच. पांढऱ्यावर निळी नक्षी असलेल्या ताटाचे तुकडे होते. शिवाय चकोराची शेपटी असते आखूड, आणि ही तर पंख्यासारखी पसरलेली, पक्ष्याच्या अंगाएवढी मोठी. मध्ये मध्ये नदीतले काळे गुळगुळीत खडे. हात शिकलेला नव्हता. तुकडे वेडेवाकडे होते, पण फटी मात्र विलक्षण नीट सोडलेल्या.

जोन मागच्या बाकावर बसली होती. "ती माझ्या आईची," ती म्हणाली.

तो तुकडा बोटीतून येतानाच मागच्या बाजूनं फुटलेला होता. जोनची आई दर रविवारी कुंडाशेजारच्या बाकावर बसायची आणि शेपटी नसलेला पक्षी तिला बघवत नसे. पाद्री महिनाभर बाहेरगावी गेले तेव्हा तिनं आपल्या लग्नातल्या सेटची ताटं फोडली, ओढ्यातले खडे आणले आणि शेपटी करून टाकली. कुणाला पत्ता लागू दिला नाही.

"आणि कुणी विचारलं नाही?" मी म्हटलं.

"पाद्री आले, त्यांनी बघितलं, आणि पुढच्या रविवारी प्रवचनात म्हणाले, देवाची करणी अगाध आहे. वडील मात्र आयुष्यभर विचारत राहिले, आपल्याकडे पाहुणे आले की ताटं कमी का पडतात. मला तिनं सांगितलं ते माझ्या लग्नात, उरलेला सेट देताना."

पुढचे काही महिने बैठका झाल्या. गावातल्या उरल्यासुरल्या माणसांनी ठरवलं की पक्षी जिथला आहे तिथं परत पाठवायचा. जोननं पहिला हात वर केला. "ज्याचं त्याला द्यावं," ती म्हणाली. एका संग्रहालयातली हेलन नावाची बाई सगळं बघायला लागली. समंजस, शांत बाई. जॉर्डनमधून होकार आला. पक्षी जमिनीतून अखंड काढायचं काम तिनं आम्हांला दिलं.

आणि त्याच वेळी तिनं सांगितलं, "शेपटी जाणार नाही. ती प्राचीन नाही. तेवढी वेगळी करावी लागेल."

"वेगळी करून तिचं काय करायचं?" मी विचारलं.

"तसं काही ठरलेलं नाही," हेलन म्हणाली. मग तिला शेजारी उभी असलेली जोन दिसली.

जोन कुंडाजवळच्या बाकावर हात ठेवून जरा उभी राहिली आणि बिस्किटं आणायला गेली. बिस्किटं समोरच होती.

परतताना गाडीत उस्ताद म्हणाले, "मी हे काम करणार नाही."

"उस्ताद, पक्षी तुमच्या देशाला जातोय."

"जाऊ दे. मला आनंद आहे. पण मी त्याला कापणार नाही." मग म्हणाले, "माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी जमिनीत एक मासा होता. खूप जुना. आमच्याकडे लोकांनी जुन्या चर्चवरच घरं बांधली, त्यामुळे कुणाच्या अंगणात झाड, कुणाच्या खाटेखाली हरीण. माशाचं पोट फुटलं तिथं आजीनं अंगणातला दगड घासून बसवला होता. मग मोठे लोक आले. म्हणाले, मासा जुना आहे, दगड नवा, दगड काढा. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण आजी त्या दिवशी जेवली नाही."

"आपण नाही केलं तर दुसरा कुणी ग्राइंडर घेऊन येईल."

"मग येऊ दे त्याला."

मी रागावले. मला वाटलं, हळवेपणा करायला यांचं काय जातं. हो म्हणून मी बसले आहे. घरी ईशाला, माझ्या मुलीला, सांगितलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "आई, मेबी ही इज जस्ट होमसिक." मी म्हटलं, ते मला पण कळतं. पण खरं सांगायचं तर तिनं म्हणेपर्यंत कळलेलं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी उस्ताद आले. पण गाडीतून उतरले नाहीत. "मी इथं बसतो," म्हणाले. "तुला एकटीला पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून आलो."

अशी जमीन उचलायची रीत सांगते. चित्रावर पाण्यात विरघळणारा गोंद लावून सुती कापड चिकटवायचं. ते खडखडीत वाळलं की सगळे तुकडे कापडाला धरून राहतात. मग खालून, बाजूनं, लांब चपट्या छिन्न्या सरकवत मसाला सोडवत जायचं आणि शेवटी सगळं एकदम फळीवर घ्यायचं. सगळी भिस्त कापड वाळण्यावर. आणि बाहेर धुकं. गोंद हाताला लागत होता, कापड ओलंच. हेलननं हीटर लावला तर चर्चच्या फ्यूजनं मान टाकली. जोन म्हणाली, शेजारच्या हॉलची वीज वेगळी आहे, आणि अर्ध्या तासात गावातल्या चार म्हाताऱ्या आपापले हेअर ड्रायर घेऊन हजर. हॉलमधून लांबच लांब वायर ओढली. म्हाताऱ्यांनी खुर्च्या टाकल्या आणि आळीपाळीनं, एकेकीनं, त्या दीड हजार वर्षांच्या पक्ष्याचे केस वाळवावेत तसा वारा घालायला सुरुवात केली. जोनचा ड्रायर सगळ्यांत जुना, ट्रॅक्टरसारखा आवाज करणारा. तिनं तो शेपटीवर धरला होता. शेपटीला कापड लावलेलंच नव्हतं. मी तिला सांगितलं नाही.

दुपारी मी छिन्नी घातली. पक्ष्याकडच्या बाजूनं चुना होता, जुना, मऊ. छान सुटत होता. शेपटीच्या जोडापाशी आले आणि अडले. जोनच्या आईनं वापरलं होतं सिमेंट, आणि ते तिनं पक्ष्याच्या पाठीच्या दगडांत खोलवर दाबून भरलं होतं. मी शेपटी सैल करायला ठोकलं की पाठीचे दगड थरथरायचे. आणखी जोर केला असता तर शेपटीबरोबर अर्धी पाठ आली असती. मी पुन्हा ठोकलं. कापडाखाली काहीतरी कुरकुरलं.

"थांब!"

दारात उस्ताद उभे होते. गाडीतून त्यांना छिन्नीचा आवाज ऐकू येत होता म्हणे, आणि तो बदलला. ते आत आले, अंगातला कोट काढला, आणि त्या वयात जमिनीवर सरळ पालथे पडले, गाल फरशीला लावून.

"सिमेंटला हात लावू नकोस," ते म्हणाले. "सिमेंट हट्टी असतं. चुना ऐकतो. आपण चुन्याशी बोलायचं."

मग आम्ही दोघं समोरासमोर आडवे पडून काम करत राहिलो. ते पाठीखालचा चुना भुगा करून बाहेर काढत होते, मी जोडातला एकेक खडा बोटानं धरून ठेवत होते. एका हाताला दीड हजार वर्षांपूर्वीच्या कुणाचं काम लागत होतं आणि दुसऱ्या हाताला जोनच्या आईचं, आणि मध्ये केसाएवढी फट. म्हाताऱ्यांनी ड्रायर बंद केले होते. खिडक्या पांढऱ्या, आतला उजेड पांढरा. मला दोनतीनदा वाटलं की जमीन खाली नसून वर आहे आणि आम्ही तिच्यावर पाली चिकटाव्यात तसे चिकटलो आहोत. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग अगदी हलका, सुपारी फुटल्यासारखा आवाज आला आणि फट रुंदावली.

दगड एकही गेला नाही. ताटाचा तुकडाही नाही. आम्ही चकोर फळीवर घेतला. शेपटी मागं राहिली होती, जमिनीत, एकटी; ती खालून सोडवली तेव्हा सिमेंटच्या जाड लादीसकट अखंड निघाली.

"बाईनं सिमेंटात कंजूषपणा केला नाही," उस्ताद म्हणाले. ते अजून उठले नव्हते. मी हात दिला. ते उठून बसले, कपडे झटकले, पण "खलास" म्हणाले नाहीत.

हेलन जोनजवळ गेली. "ही शेपटी तुम्ही ठेवून घ्या. ती तुमची आहे."

"ती आमचीच होती, डिअर," जोन म्हणाली.

दोघींनी मिळून ती टॉवेलात गुंडाळून जोनच्या गाडीच्या डिकीत ठेवली. जोन गाडी अगदी सावकाश चालवत धुक्यात गेली.

पक्षी खोक्यात बंद होऊन विमानानं गेला. चर्चला कुलूप लागलं. काही महिन्यांनी उस्तादांच्या मुलीनं त्यांचं तिकीट काढलं. मादबाला पक्षी बसवणार होते, तो त्यांना बघायचा होता. निघताना त्यांनी मला आपल्या सगळ्या छिन्न्या देऊन टाकल्या. मी म्हटलं, "या कशाला? परत येणार ना?" ते म्हणाले, "लोखंड विमानात नेऊ देत नाहीत." सामानात नेऊ देतात, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

इकडे जोनचा फोन. "शेपटी माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवली आहे. रोज मला विचारते, माझा पक्षी कुठाय. तू एक पक्षी करून देशील का?"

गावात डेअरीशेजारी, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाशेजारी, तो हॉल आहे. त्याच्या आतल्या भिंतीवर करायचं ठरलं. पण कोणता पक्षी? सगळ्यांनी आपापली मतं मांडली. बहुतेकांना पुकेको हवा होता, कारण पुकेको निळा. शेवटी जोन म्हणाली, "आईनं जन्मात कधी चकोर पाहिला नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे कोणती शेपटी असणार? गोठ्यात माश्या पकडायला येणाऱ्या पीवाकावाकाची." पीवाकावाका म्हणजे इथला चिमुकला पक्षी, शेपटी पंख्यासारखी उघडणारा. सगळे त्या शेपटीकडे बघायला लागले आणि हसायला लागले, कारण आता ती दुसऱ्या कशाची दिसेचना.

माझं ते शेवटचं मोठं काम. गुडघ्यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. शनिवारी गावच्या बायका घरातली फुटकी, बिनजोडीची भांडी घेऊन यायच्या. जोन आईच्या सेटमधली उरलेली ताटं घेऊन आली, पण तिला ती फोडवेनात. हातोडी उचलायची, ठेवायची. मग मीच टॉवेलात गुंडाळून फोडली, ती पाठ करून उभी राहिली. त्या चिमुकल्या पक्ष्याला शेपटीच्या मापानं कोंबडीएवढं करावं लागलं. फटी मी जोनच्या आईसारख्याच सोडल्या. तेवढं तिच्याकडून शिकले.

ग्राउट भरायच्या दिवशी हॉलच्या दारात उस्ताद उभे. आदल्याच दिवशी आले होते, कुणाला न कळवता. थकलेले, पण उन्हानं रापलेले. मला रडूच आलं. ते म्हणाले, "रडू नको, ग्राउट वाळेल."

जोननं त्यांना खुर्ची दिली. "आधी सांगा. कसा आहे तो?"

"चांगल्या जागी आहे. चर्चच्या जमिनीत, शेजारी त्याच्यासारखेच आणखी. मी तिथं रोज जायचो. माझ्या ओळखीची माणसं फारशी राहिली नाहीत, त्यामुळे वेळ होता." त्यांनी भिंतीकडे बघितलं. "शेपटीच्या जागी त्यांनी साधा चुना भरलाय. तशीच रीत आहे. एके दिवशी शाळेची सहल आली. एका मुलीनं गाइडला विचारलं, याची शेपटी कुठाय? गाइड म्हणाला, काळाच्या ओघात हरवली."

"मग?"

"मी बाकावर बसलो होतो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, हरवली नाही. न्यूझीलंडला आहे. गाइड हसला. त्याला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पण मुलगी हसली नाही. तिनं विचारलं, मग तिथं तिला सांभाळतं कोण?"

जोननं हातातली कपबशी खाली ठेवली.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी सांगितलं, जोन."

जोन उठली. भिंतीपाशी गेली, आईच्या शेपटीवर तळहात ठेवून आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. ग्राउट अजून ओलं होतं, ते तिच्या हाताला लागलं असणार, पण तिला कुणी हटकलं नाही.